जवळ्याची मळणी

त्या दिवशी मला लोकांच्या तावडीतून सोडवलं, माझा गुडघा धुतला आणि मला जेवू घातलं ते आगरदांड्याच्या वाटेवरल्या एका कोळणीनं. तिचं आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना मान आपोआप खाली जाते.

मी सांगोल्याकडचा. सातवीतच शाळा सुटली आणि मुंबईत एका गॅरेजात चिकटलो. हातातून पाना निसटला तरी आता नोकरी गेली, असं वाटायचं. तिथले उस्ताद मात्र मायेचे. एका उन्हाळ्यात त्यांनीच टूम काढली: गॅरेजातल्या चार जुन्या फटफट्या घ्यायच्या, आडवाटांनी मुरुड गाठायचं, आगरदांड्याची जेट्टी बघून परतायचं. मला सगळ्यांत मागं ठेवलं होतं. धूळ खात मी खूश होतो.

मुरुड मागं पडलं. एका कोळीवाड्याच्या तोंडाशी नव्या डांबराचा तुकडा लागला आणि उस्तादांनी हात वर केला. रस्ताभर तांबूस थर पसरलेला. जायला कडेनं वाट नव्हती.

"हे काय रे?" उस्ताद म्हणाले.

मला काही विचारलं जाण्याचे प्रसंग थोडे. मी पटकन म्हणालो, "उस्ताद, मळणीला टाकलंय. आमच्याकडं हुलगा असाच रस्त्यावर टाकतात. गाडी वरूनच न्यायची. चुकवून गेलं तर म्हाताऱ्या शिव्या देतात."

"खरं?"

"बघा तर!" म्हणत मी पुढं झालो. वास येत होता. पण त्या किनाऱ्यावर वास कशाला नव्हता?

थराच्या मध्यावर चाक सटकलं. मी गाडीसकट आडवा झालो आणि माझ्यावर विश्वास ठेवून मागून आलेल्या तिघांनी उरलेलंही चिरडलं. तोंडाजवळ बघतो तर शेंगा नव्हत्याच. बारीक डोळे होते, मिशा होत्या. जवळा! कोळंबीच्या जातीचा, उन्हात वाळत घातलेला.

माणसं धावत आली. एकानं माझ्या गाडीची चावी काढून घेतली, दुसऱ्यानं गचांडी धरली. मी रडकुंडीला येऊन एवढंच म्हणत होतो, "आमच्याकडं मळणीला टाकतात हो..."

गर्दीतून ती पुढं आली. जवळा तिचा होता, साऱ्या पावसाळ्याची बेगमी. तिनं रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कुटचा रं तू?"

"सांगोल्याकडचा, मावशी."

"तरीच! दर्या बघितला न्हाय कधी. म्हंजे माझ्या जवल्याची मलनी केलीस व्हय?"

सगळे खो खो हसले. गचांडी सुटली. मार बसला असता तर बरं, असं तेव्हा वाटलं.

उस्तादांनी खिशात हात घातला तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊ. पावसात काय नोटांचं कालवण करू? सुपं घ्या, बसा."

आम्ही चौघं रस्त्यावर उकिडवे बसून जवळा निवडू लागलो. येणारी-जाणारी बायामाणसं विचारत, "मलनी झाली का पाव्हणं?" उस्ताद एका शब्दानं मला बोलले नाहीत. निम्मा जवळा पाखडून हाती लागला. उरलेला गाड्यांच्या तेलानं माखलेला. तो कोंबड्यांपुढंही टाकता येईना.

मग तिनं घरी नेऊन माझा फुटलेला गुडघा धुतला, वर हळद दाबली. तांदळाच्या भाकरीवर कांदा घालून परतलेला जवळा वाढला. पहिल्याच घासाला वाळू कचकचली. मी थांबलो.

"खा पोरा," ती म्हणाली, "तुझीच मलनी हाय."

ताटात काही टाकायचं धाडस झालं नाही. माझ्या चाकाखाली गेलेला तिचा पावसाळा आणि तीच मला वाढतेय. निघताना चावी तिनंच त्या माणसाकडून मागून घेतली आणि माझ्या हातात ठेवली. मला नीट आभारही मानता आले नाहीत.

त्यानंतर तो पावसाळा मुंबईत काढताना जेवायला बसलो की तिची चूल आठवायची. आजही भाकरीत खडा लागला की कान तापतात.

गावाकडं यंदा हुलगा बरा आलाय म्हणतात. एक पोतं शेंगा, न झोडपलेल्या, घेऊन मी तिच्या दारात जाणार आहे. रस्त्यावर पसरीन आणि म्हणेन, मावशी, आता तुम्ही चाला यावरून.