पाच सुपरवायझर आणि थंड तवा

सुनंदा मॅनेजरच्या कॅबिनमधून बाहेर आली ती खाली बघतच. मी विचारलं, "काय गो, काय म्हणाले साहेब?"

"काय नाय काकी."

मग माझ्या हाताखाली काम करणाऱ्या बाकीच्या चार बायकांनाही एकेक करून बोलावणं आलं. मला नाही.

परळच्या त्या काचेच्या ऑफिसात माझं कँटीन होतं. पूर्वी तिथे मिल होती. तिथले कामगार माझ्या लालबागच्या खानावळीत महिनेवारीवर जेवायचे. संपात ते गावाला गेले, ते परत आलेच नाहीत. खानावळ बंद पडली. पुढे मिल पाडून ऑफिस झालं, तेव्हा मी कँटीनचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं.

आदल्या आठवड्यात तिथे ट्रेनिंग झालं. जुन्या काळचे राजे राज्य कसं चालवायचे आणि आज जगभर धंदा करताना त्यातलं काय घ्यायचं, असा विषय. चहा देताना मी ऐकलं. साम, दाम, दंड, भेद. म्हणजे गोड बोला, काहीतरी द्या, दम द्या, नाहीतर आपसात फोडा. शिकवणारे नीतीवरही बोलले म्हणे. पण तेव्हा आमचे मॅनेजर नाडकर्णीसाहेब वडे घ्यायला उठले होते. मीही ते ऐकलं नाही. वडे मीच तळत होते.

खानावळीतली एक रीत मी सोडली नव्हती. सगळ्यांची जेवणं झाली की आम्ही सहा जणी एका परातीभोवती बसायचो. त्या दिवशी कोणी घास उचलेना. शेवटी सुनंदा बोलली.

"काकी, साहेब म्हणाले, तुमच्याविरुद्ध तक्रार लिहून दे, तुला सुपरवायझर करतो. फक्त मला एकटीला."

"अगो, मला पण एकटीलाच!" शेवंता ओरडली.

पाचही जणी एकट्याच निघाल्या.

तक्रार गेली की माझं कॉन्ट्रॅक्ट जाणार होतं. मग तयार जेवण आणणारी मोठी कंपनी येणार आणि या पाच जणीही घरी बसणार. मी म्हटलं, "हो म्हणा. पण आधी सुपरवायझरचं पत्र घ्या, तक्रार मागाहून."

एक तक्रार पुरली असती. साहेबांना पाच दिसल्या, हाव सुटली. पाचही पत्रं सहीशिक्क्यासकट आली.

सोमवारी परदेशी पाहुणे जेवायला होते. बारा वाजता साहेब आत आले. तवा थंड. पाच जणी रांगेत, हात मागे बांधून.

"चपात्या कोण लाटतंय?"

"आम्ही बघतोय ना साहेब," शेवंता म्हणाली. "सुपरवायझर."

"कोणावर?"

पाचही बोटं माझ्याकडे वळली. मी स्टुलावर बसून मेथी निवडत होते.

"मावशी, पाहुणे लिफ्टमध्ये आहेत!"

"माझ्याविरुद्ध तक्रार येतेय म्हणे. हातच चालत नाही हो."

कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा कागद महिनाभर त्यांच्या टेबलावर पडून होता. तो घेऊन ते धावत आले. पीठ सांडलेल्या ओट्यावरच तीन वर्षांसाठी सही झाली. पाहुणे अर्धा तास नुसतं सूप पीत बसले.

संध्याकाळी साहेबांनी पत्रं परत मागितली. एकीनेही दिलं नाही.

माणसं फोडायची असतील तर जरूर फोडावी. फक्त नंतर चपात्या कोण लाटणार, ते आधी ठरवून ठेवावं.