परीट गेला हो!

ग्वाल्हेरला माधवगंजात आमच्या शेजारी एक कारकून राहायचे. पाखरांबद्दलसुद्धा ते कचेरीतलंच बोलायचे. थंडीतली पाखरं त्यांच्या लेखी ‘रुजू’ व्हायची, चैत्रात ‘बदलीवर’ जायची. शेपटी हलवत फिरणाऱ्या परीट पाखरावर तर त्यांचा फार जीव.

एका चैत्रात ते गच्चीवरून ओरडले, "वहिनी, परीट गेला हो!" मला वाटलं, आमचा धोबीच. चांगला माणूस गेला, आणि माझी चंदेरी साडी धुवायला त्याच्याच घरी! अनवाणी धावले, तर खरा परीट समोरून गाढव हाकत येतोय. "क्या हुआ, बाईसाहब?" मी आपलं चंदेरीचं विचारलं.

पुढे ग्वाल्हेरच्या कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि त्या कारकुनांचीच बदली झाली. टांग्यात बसताना डोळे पुसत म्हणाले, "आश्विनात तो येईल. मी दिसलो नाही तर बावचळेल हो. तेवढं सांगाल?"

"अहो, पाखराला?" मी हसले.

आश्विनात कठड्यावर शेपटी हलली. कोणी बघत नाही असं पाहून मी मोठ्यानं म्हटलं, "साहेब भोपाळला गेले रे परटा! पण तू येत जा."

खालून गाढवाशेजारून आवाज आला, "आता तो हूँ, बाईसाहब, हर हफ्ते!"