नवसाआत्याची हळद

आमच्या नवसाआत्याने जन्मात विडीला हात लावला नाही, आणि हे ती विडी ओढणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. सगळ्यांत जास्त ऐकलं तिच्या नवऱ्याने, चिमाजीमामांनी.

सायखेड्यातल्या आमच्या गल्लीची मिसरी मात्र आत्याच भाजायची. चुलीवर तवा, तव्यात तंबाखू, आणि ती काळी पडेपर्यंत आत्या वर वाकलेली. दुसरीने भाजलेली कच्ची राहते, हा तिचा दावा. सुनेने गॅस आणला, तो पाहुण्यांच्या चहापुरता. भाकरी चुलीवरच.

दोन हजार तीन साली मामांचा खोकला ऐकून ती वैतागली आणि त्यांना ओढतच नाशिकला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. जिना चढून मामा खुर्चीत बसले. आत्या भिंत धरून धापा टाकत राहिली. ते बघून बाईंनी दोघांनाही नळीत फुंकायला लावलं. मामा पास, आत्या नापास.

"मशीन बिघडलंय," आत्या म्हणाली. "विड्या तर हे ओढतात."

"आणि तुम्ही चुलीचा नि मिसरीचा धूर ओढलात, आजी. श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात. आतली हवा नीट बाहेर पडत नाही, मग नवीन हवेला जागा कुठली? गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते सांभाळा. धूर बंद आणि हा पंप रोज ओढायचा, बरं वाटलं तरी."

"नातीच्या हळदीला गाता येईल का?" आत्याने एवढंच विचारलं. तिच्या गाण्यांशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे.

"पंप घेतलात तर येईल."

आत्याने यातून सोयीचा अर्थ काढला. पंप थोरल्या नातीच्या, छायाच्या हळदीसाठी आहे म्हणून तिने तो नव्या लुगड्यासोबत पेटीत जपून ठेवला. तोवर चूलही चालू, मिसरीही चालू.

हळदीच्या दिवशी लुगडं नेसून तिने ऐटीत पंप ओढला आणि गाणं धरलं. दुसऱ्या कडव्यातच दम संपला. तोंड उघडं, आवाज नाही. छायाचे डोळे भरले.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने फाटक्या आवाजात पुढची ओळ आली. चिमाजीमामा गात होते. बायका पदराआड हसल्या.

"चाल सोडली तुम्ही," आत्या धापा टाकत म्हणाली आणि त्यापुढची ओळ तिने घेतली. असं अर्धं-अर्धं करत दोघांनी हळद पार पाडली. इतकी बेसूर हळद मी ऐकली नाही, आणि इतकी गोडही.

सकाळी आत्या चुलीपाशी बसायला गेली, तर मामा पंप घेऊन आडवे उभे.

"घे," ते म्हणाले. "धाकट्या नातीच्या, मीनाच्या हळदीला मला येकट्याला गायला लावू नको."