शंभर टक्के दुधी

हसायचं तर खुशाल हसा राव, पण घाई करू नका. माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं, ते मला सावकाश सांगू द्या.

पिंपरी-चिंचवडला महापालिका व्हायची होती तेव्हाची गोष्ट. चिंचवडच्या एका कारखान्यात मी कारकून होतो. तिथल्या कँटीनमध्ये आठवड्यातून तीनदा दुधी भोपळ्याची भाजी. भाजी कसली? हळदीच्या पाण्यात पोहायला सोडलेल्या फोडी! कामगारांची कुरकुर वाढली, तसं आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं.

"किती जणांना भाजी आवडते, विचारून या. उद्या युनियनबरोबर बैठक आहे. आकडा चांगला यायला हवा."

चांगला आकडा! तेवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

आता सगळ्या कारखान्याला विचारत बसलो असतो, तर शिव्यांशिवाय काय मिळणार होतं? मग मी शक्कल लढवली. भाजीच्या पातेल्यापाशी उभा राहिलो आणि जे दुसऱ्यांदा भाजी मागायला आले, फक्त त्यांनाच विचारलं. आहे की नाही हुशारी?

आले सहा जण. सगळे जवळच्या रहाटणी गावचे, हातात पत्र्याचे डबे. पुढे सोपानमामा.

"मामा, दुधी आवडतो का?"

"लई! डबा दिसला की उड्याच!"

"रोज केला तर?"

"करा की! पार चाटूनपुसून खात्यात."

बाकीच्या पाचांनीही माना डोलावल्या. मी झोकात लिहिलं, 'विचारणा केलेल्यांपैकी शंभर टक्के पसंती.' किती जणांना विचारलं, ते लिहायला कागदावर जागा उरली नाही, असं समजा!

बैठकीत साहेबांनी कागद वाचला आणि युनियनवाल्यांची बोलतीच बंद. साहेब तर असे खूश झाले, की म्हणाले, "एवढा आवडतो, तर तीनदाच का? सोमवारपासून रोज!"

रोज, हो! सोमवारी दुधी, मंगळवारी दुधी, बुधवारी दुधी. गुरुवारी अख्खी शिफ्ट ताटं बडवत ऑफिससमोर!

"आवडतो कुणाला? पुढं आणा त्याला!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून सोपानमामांना हाताला धरून पुढे आणलं.

"सांगा मामा, आवडतो ना दुधी?"

"मला?" मामा दचकलेच. "मी कवा म्हणलं? मी घरनं भाकरी आणतो. म्हशीला आवडतो!"

"आणि हे पाच जण?"

"त्यांच्याबी म्हशीच हायेत की!"

आता कळलं, 'खात्यात' म्हणजे कोण! विचारायचं मला सुचलंच नव्हतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"एकूण किती जणांना विचारलंत?"

"सहा, सर."

"त्यातली दुधी खाणारी माणसं किती?"

"एकही नाही, सर."

काय हशा पिकला म्हणता! ताटं बडवणारे पोट धरून खाली बसले. साहेबांनी तिथल्या तिथे दुधी बंद केला आणि मी खाली मान घालून आत पळालो.

सुटी झाल्यावर मागच्या फाटकातून गुपचूप सटकत होतो, तर तिथे सोपानमामा उभे. मी म्हटलं, आता हेही चार शब्द सुनावणार.

मामांनी प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, भाऊसाहेब. एवढी वर्सं म्हशी पाळतोय, पर त्यांचं मत विचारणारा शिकलेला माणूस तुमीच पयला भेटला!"