पडद्यामागचं हसू

पडद्यावर चेटकिणीनं केस मोकळे सोडले, डोळे वटारले आणि तोंड वासलं की तंबूतले बाप्ये एकमेकांच्या अंगावर सरकत. दिवसभर कापसाच्या बोज्यांशी कुस्ती करणारे गडी धोतराचा सोगा डोळ्यांवर ओढून घेत. आणि नेमकं त्याच वेळी पडद्याच्या मागून एका बाईचं हसू येई. पदर तोंडाला लावून हसलेलं नव्हे. बाजारात अर्ध्या भावानं वांगी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला माळीण जशी हसते, तसं ते मोकळं आणि समोरच्याची किंमत करणारं हसू असायचं. ते गोदामायचं.

मी तेव्हा अकोल्याला एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत कामाला होतो. चित्रं मुकी होती. मधूनमधून पाटी यायची, पण ती वाचता येणारी डोकी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. म्हणून काळा कोट चढवून, हातात वेळूची छडी घेऊन मी पडद्याच्या कडेला उभा राहायचो आणि ओरडून गोष्ट सांगायचो. अमरावतीला मॅट्रिकला दोनदा आपटी खाल्लेल्या माणसाला याहून मोठं व्यासपीठ कोण देणार होतं? लोक मला मास्तर म्हणत. मीही स्वतःला मास्तर समजू लागलो होतो, आणि खरा घोटाळा तिथंच झाला.

पुरुषांनी पडद्यापुढे बसायचं आणि बायकांनी पडद्यामागे, अशी आमच्या तंबूची रीत होती. पडद्यावर पाणी मारलं की चित्र आरपार दिसे. मागून पाट्या उलट्या दिसत, पण त्याचं कुणाला सुतक नव्हतं. मालकाला मात्र त्या हसण्याचं होतं. त्याचा सगळा धंदा भीतीवर चालायचा. चेटकीण, हडळ, मुंजा, स्मशानातला मांत्रिक, असली चित्रं तो हुडकून आणी आणि लोक ती पुनःपुन्हा बघत. "मास्तर, त्या बाईचं तोंड बंद करा," असं त्यानं फर्मावलं म्हणून मी एकदा खेळ सुटल्यावर मागच्या बाजूला गेलो.

पन्नाशीची, काळीसावळी, हातांना मातीचे घट्टे पडलेली बाई. अकोल्याहून बार्शीटाकळीच्या वाटेवरच्या एका खेड्यात तिचा मळा होता. भाजीची बैलबंडी घेऊन ती बाजाराला यायची आणि चेटकिणीचं चित्र लागलं असलं की ते बघूनच गावाकडे परतायची. दुसरं कुठलंही चित्र तिला चालत नसे. देवादिकांचं लागलं तर म्हणे, "देव घरी हाय."

"बाई, एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात?" मी मास्तरी आवाजात विचारलं.

"मास्तर, थे चेटकीन बाई नोहे. बाप्या हाय थो."

खरंच होतं ते. त्या काळी असली कामं पुरुषच करत. पण आमच्या प्रेक्षकांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"घागर कशी उचलली त्यानं, पायलं नाई? कमरीवर घेतलीच नाई, पोटावर घेतली! आन् केस मोकये सोडून चुलीपाशी बसते. एका दिवसात जयून मरन थे चेटकीन. अशा येडपटाले भेवाचं काहून?"

मी विचारलं, मग पैसे मोडून येता कशाला? त्यावर तिनं जे सांगितलं ते मी जन्मात विसरलो नाही. नवरा लवकर गेला. पदरी लहान मुलगा. तिनं मळा एकटीनं राखला. साऱ्या गावाच्या वांग्यांना कीड लागली तरी हिची वांगी साफ असत, कारण ही रोज पहाटे उठून झाडाझाडावर चुलीतली राख टाकायची. गावानं राख पाहिली नाही, वांगी तेवढी पाहिली, आणि हिनं करणी केली असं ठरवून मोकळं झालं.

"तवापासून मले चेटकीन म्हन्तेत," ती म्हणाली. "म्हटलं, नाव पडलंच हाय तर धंदा शिकून तरी घेतो. पन तुमच्या शिनेमात कोनाले काईच येत नाई."

ती पुन्हा हसली आणि बंडीत चढली. मी मालकाला सांगितलं, बाई बहिरी आहे, समजावून उपयोग नाही.

पुढं आमच्याकडे एक नवं चित्र आलं. त्यात चेटकीण एका पाळण्यावर मोहरी फेकते आणि मूल आजारी पडतं. पाटीवर एवढंच होतं. पण मोहरी फेकणाऱ्या नटाचा हात डावा होता, हे माझ्या चाणाक्ष नजरेनं टिपलं आणि मी जिभेला सैल सोडलं. "पाहा! डावा हात! चेटकिणीची हीच खूण! जी बाई डाव्या हातानं देते, तिच्यापासून लेकरं सांभाळा!" तंबू शहारला. मालकानं माझी पाठ थोपटली. माझ्या अकलेला शिंगं फुटली आणि रोज एकेक शब्द वाढत गेला.

आठवड्यानं भर दुपारी गोदामाय तंबूत आली. हसत नव्हती. तिची सून चंद्री डावखुरी होती. अकोटची मुलगी, आई-बाप दोघंही गेलेले. तिनं शेजारणीला डाव्या हातानं मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, दिला आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीचं तान्हं पोर तापलं. त्या घरातले पुरुष माझा सिनेमा पाहून आलेले होते. मग काय, गावच्या भगताला विचारलं, भगतानं मान डोलावली. चंद्रीला गावाबाहेर घालवायचं ठरलं. गोदामायचा मुलगाही गावापुढं गप्प बसला होता.

"मास्तर, थे डाव्या हाताचं पाटीत लिवेल हाय?"

मी मान खाली घातली. "नाही."

"मंग कोठून काढलं?"

"सुचलं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं किडकं वांगं टोपलीतून वेचून बाहेर टाकताना बघतात. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "आमाले तर उजवा हात दिसला. तुमी डावा डावा बोंबलून राह्यले होते, मले वाटलं मास्तरले हातच कयत नाईत. म्हनून हासली मी तवा."

मग मी तिला समजावलं, की पडद्यामागून सगळं उलटं दिसतं, डाव्याचं उजवं होतं. ती पडद्यामागं जाऊन परत पुढं आली. आणि म्हणाली, "उद्या दिवेलागनीच्या खेयाले मी गाव घेऊन येतो. तुमी सगळ्यायसमोर सांगा, का थे तुमच्या पोटातलं हाय म्हनून. सांगसान ना?"

"सांगीन," मी म्हणालो.

मालकानं ऐकलं आणि बजावलं, "लोकांना कळलं की तू मनचं सांगतोस, तर परवापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी दोन बंड्या भरून गाव आलं. पाटील, भगत, आजारी पोराचा बाप, शिवाय फुकटचा सिनेमा बघायला आलेले दहाबारा रिकामटेकडे. बायका मागे बसल्या. त्यांत गोदामाय होती आणि तिला चिकटून, डावा हात पदराखाली दडवून बसलेली चंद्री. चित्र सुरू झालं. मोहरीचा प्रसंग आला. सगळा तंबू माझ्याकडे बघत होता. पडद्यामागून कुणी हसलं नाही. ती वाट बघत होती.

मी म्हणालो, "आणि चेटकिणीनं मोहरी फेकली."

एवढंच. डावा हात म्हणालो नाही, पण मी खोटं बोललो होतो असंही म्हणालो नाही. काळ्या कोटातला मास्तर छडी धरून खांबासारखा उभा राहिला. आजही हे लिहिताना मला माझी शिसारी येते.

रीळ संपलं, बत्ती लागली. आणि पडद्याच्या कडेनं गोदामाय सरळ पुरुषांत आली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"पाटील, कोन्ता हात होता?"

"डावा. सगळ्यायनं पायला."

"मंग चाला मांगं. आमच्या जाग्यावर बसा आन् पुन्यांदा पाहा."

तेच रीळ पुन्हा फुकट बघायला मिळणार म्हटल्यावर सगळा तंबू मालकाच्या नावानं ओरडू लागला. त्याला ऐकावंच लागलं. बायका पुढे आल्या, गावचे पुरुष मागे गेले. मीही त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो. चेटकीण आली. मोहरी फेकली, उजव्या हातानं.

पोराचा बाप आपल्याच दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघू लागला. पण भगत काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "चेटकीन हाय थे," तो गरजला. "हात बदलते!" आणि माना डोलल्या. मला वाटलं, संपलं सगळं. अडाणीपणाला पुरावा दिला की तो पुरावाच खाऊन जास्त लठ्ठ होतो.

तेवढ्यात पडद्यावर जटाधारी साधू आला. त्यानं आजारी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. पुढून पाहिलं तर उजवा. इकडून पाहिलं तर चांगला खणखणीत डावा.

"पाटील!" पडद्याच्या त्या बाजूनं गोदामायचा आवाज आला. "थो साधू पाहा! इकून उजवा, आन् तिकून डाव्या हातानं आशीर्वाद देऊन राह्यला! त्याले बी घाला गावाबाहेर! भगताले म्हना, चेटकिनीची येनी धरता तशी याची बी दाढी धरा!"

आधी चंद्री हसली, बारीकसं. मग बायका. मग पोराचा बाप फिस्सकन हसला आणि त्याला पाहून पाटील पोट धरून हसू लागला. सगळा तंबू पुढून आणि मागून खदखदत होता. भगत कनात उचलून कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. ज्याच्यावर गाव हसलं त्याचं अंगातलं उतरलंच म्हणायचं. चार दिवसांनी त्या पोराला दात आला आणि तापाचा उलगडा झाला.

त्या रात्री जाताना गोदामाय माझ्याजवळ थांबली. "मास्तर, भूत परवडलं. तोंड शिवेल मानूस नाई परवडत."

त्यानंतर ती तंबूत आली नाही. पडद्यामागं हसू उरलं नाही आणि त्याशिवाय भुतांतही काही राम उरला नाही. पुढं चित्रं स्वतःच बोलू लागली आणि माझी छडी गेली. अमरावतीला परत येऊन मी एका अडत्याकडे कारकून झालो. तिचं वाक्य मात्र मनात सलत राहिलं. अनेकदा अकोल्याला जाणं झालं, पण भाजीबाजाराकडे पाय वळला नाही.

वळला तेव्हा उशीर झाला होता. तिच्या जागेवर चंद्री बसली होती. केस पिकायला लागलेले, डाव्या हातात तराजू. आदल्या पावसाळ्यात गोदामाय गेली, असं तिनं सांगितलं. मी भर बाजारात टोपल्यांसमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "चंद्राबाई, ते डाव्या हाताचं पाटीत नव्हतं. मी मनचं सांगितलं होतं. आणि त्या दिवशी बोलायचं तेव्हा मी घाबरलो."

तिनं आधी समोरच्या गिऱ्हाइकाला वांगी तोलून दिली. मग मागं ठेवलेलं भाकरीचं फडकं सोडलं, भाकरीवर वांग्याचं भरीत घातलं आणि डाव्या हातानं माझ्यापुढं धरलं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "मायनं सांगून ठेवलं होतं. म्हने, मास्तर येईन. उशिरा येईन, पन येईन. त्याले आधी जेवाले देजो. लाज वाटाले बी पोटात काई लागते."