इंजिनाचा पिवळा दिवा आणि सुरगाण्याची उदबत्ती

खरं सांगायचं तर सुरगाण्याला मी फिरायला गेलेच नव्हते, भांडायला गेले होते.

गंगापूर रोडला माझं केटरिंगचं काम चालतं. पातेली-शेगड्या न्यायला उन्हाळ्यात एक जुनी पेट्रोल पिकअप घेतली, सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावरच्या हिरामणभाऊंकडून. पाच महिने गाडीने कुरकुर केली नाही. मग दसऱ्यानंतर एका सकाळी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. कोड आला पी-०४२०. म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात धूर साफ करणारा जो डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तो नीट काम करत नाहीये.

"मॅडम, आधीच्या मालकाने आतली जाळी काढून विकली असणार," गॅरेजवाला म्हणाला. "महागाचा धातू असतो त्यात. पोकळ डबा तुमच्या गळ्यात मारला."

माझं डोकं फिरलं. तिथूनच हिरामणभाऊंना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. 'चोर' हा शब्दसुद्धा वापरला. ते एवढंच म्हणाले, "ताई, गाडी घेऊन या. बघू."

पुढचे आठ दिवस ऑर्डरींमध्ये गेले. नवव्या दिवशी रविवार होता. सकाळी सातला निघाले.

"भांडायला नव्वद किलोमीटर जायचं?" नवऱ्याने, मिलिंदने, दारातून विचारलं. "फोनवर झालंय की भांडून."

"फोनवर डबा उघडून दाखवता येत नाही," म्हटलं, आणि गिअर टाकला.

जाणाऱ्यांसाठी: दिंडोरी, वणी, बोरगाव, मग सुरगाणा. अडीच-तीन तास धरा. वणीपर्यंत रस्ता झकास, पुढे घाटात वळणं भरपूर आणि प्रवाशांनी खच्चून भरलेल्या जीपगाड्या त्याहून भरपूर. त्यांना वाट द्या, त्या तुम्हाला देणार नाहीत. दिंडोरीला मिसळ खाऊन घ्या, पुढे नाश्त्याचे वांधे होतात. वणी सोडल्यावर सप्तशृंगीचा डोंगर बराच वेळ सोबत राहतो. माणूस रागात असताना डोंगराने एवढं सुंदर दिसू नये, पण तो दिसत होता. बोरगावनंतर दोन्हीकडे पिकलेला भात, वरच्या उतारांवर नागली, आणि हवा अशी की काच खाली केली ती वर केलीच नाही. भांडणाची सगळी वाक्यं मी पाठ करून आणली होती. त्यातली दोन-तीन तिथेच विसरले.

हिरामणभाऊ खळ्यात सारवण करत होते. पन्नाशीचे, काटकुळे. मी "जय भीम" म्हटलं, त्यांनी "जय भीम, ताई" म्हणून हात धुतले. त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"हे घ्या, बघा तुमची गाडी," मी सुरुवात केली.

"आता नाय. गाडी गरम हाय. लोखंड तापलं का फुगतं, फट असली तरी बुजून जाते. थंड होऊ द्या. तवर जेवा."

आता ज्याच्याशी भांडायला आलो त्याच्याच ओट्यावर बसून जेवायचं म्हणजे पंचाईत. पण नागलीची गरम भाकरी, उडदाची घट्ट डाळ आणि ठेचलेली मिरची समोर आल्यावर मी काही फार ताणून धरलं नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या. तीन तास गेले.

मग भाऊ गाडीखाली पाठीवर सरकले. आधी लाकडी दांडक्याने त्या डब्यावर हळूच ठोकलं. "ऐका. पोकळ असता तर रिकाम्या पत्र्यासारखा वाजला असता. फुटला असता तर आत खडखडला असता." आवाज भरीव आला, गच्च भरलेल्या कोठीवर थाप मारल्यासारखा.

"चालू करा."

मी गाडी चालू केली. यमुनाबाईंनी ओलं गोणपाट सायलेन्सरच्या तोंडाशी दाबून धरलं, म्हणजे धूर आत तुंबावा. आणि खालून बारीक आवाज आला, टक, टक, टक. पाच महिने मी ही गाडी चालवतेय, मला कधी ऐकू आला नव्हता. भाऊंनी उदबत्ती पेटवली आणि पाइपाच्या कडेकडेने हळूहळू फिरवायला लागले. मीही खाली वाकून बघत होते. धुराची रेघ सरळ, सरळ, सरळ, आणि डब्याच्या मागच्या जोडापाशी एकदम थरथरली. भाऊंनी हात मागे-पुढे केला. दरवेळी तिथेच.

"हितं. केसाएवढी चीर हाय. बाहेरची हवा आत ओढती, डब्याच्या मागं धूर तपासणारा सेन्सर हाय त्याला ती लागती, आन् त्याला वाटतं डबा मेला." मग मान वळवून विचारलं, "ताई, गरम गाडीवर पाणी मारलं व्हतं का?"

मारलं होतं. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याच्याच दिवशी, आमच्या कॉलनीची मिरवणूक होती, बुद्धमूर्ती माझ्याच पिकअपवर ठेवायची होती. घोटीला जेवणाची ऑर्डर पोचवून मी थेट वॉशिंग सेंटरला गेले. उशीर झाला होता. "खालून पण मार रे जोरात, मूर्ती बसायचीय," असं मीच ओरडून सांगितलं होतं. तापलेल्या पाइपावर गार पाण्याचा फवारा. जोड तडकणारच.

मला लाज वाटली आणि त्याच वेळी मी थक्क झाले होते, दोन्ही एकदम. स्कॅनरने कोड बरोबरच दिला होता, पण त्याचा खरा अर्थ या माणसाने एका उदबत्तीवर लावला.

यमुनाबाई गोणपाट टाकून उठल्या. नवऱ्याकडे बघत मला म्हणाल्या, "तुमचा फोन आल्यापास्नं आठ दिस मी यांना इचारत व्हते, खरं सांगा, काढलं का तुमी कायतरी?"

भाऊंनी उदबत्ती मातीत खुपसून विझवली. मी "भाऊ, चुकलं माझं" म्हटलं, त्यांनी ते हसण्यावारी नेलं. सुरगाण्याच्या बाजारात तासाभरात जोडाला वेल्डिंग झालं, तिथल्याच मेकॅनिकने मोबाइलला जोडायच्या छोट्या स्कॅनरने कोड पुसला, आणि उजेड असतानाच मी घरी पोचले. त्याला आता दोन आठवडे झाले, दिवा लागलेला नाही.

पण घरी आल्यावर मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी फोन लावला आणि भाऊंना म्हटलं, वहिनींना द्या. त्यांचीही माफी मागितली. मग राहवलं नाही, विचारलं, "तुम्ही विचारायचात तेव्हा भाऊ काय म्हणायचे?"

"काय नाय म्हणले. दोन दिस जेवले नाय."

सुरगाण्याला जरूर जा. रस्ता चांगला आहे, भात कापणीच्या आधी गेलात तर डोळ्यांचं पारणं फिटेल. पण कुणाला जाब विचारायला जाणार असाल, तर आधी फोन करू नका.