फ्लॉपीत मावलेले गणपती

आमच्या जोहे गावात गणपतीच्या मूर्तींच्या ओल्या रंगाचा वास सुटला की मला पेणचा तो कंप्युटर क्लास आठवतो. बाबांना आपल्या मूर्तींचे फोटो परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायचे होते आणि स्कॅन केलेले फोटो काही केल्या फ्लॉपीत मावत नव्हते. क्लासात रोह्याहून येणारा एक अबोल मुलगा होता. फाइल लहान करणारा प्रोग्रॅम तो स्वतः लिहीत होता. श्रावणातल्या एका दुपारी त्याने आमचे फोटो त्यातून काढले, फ्लॉपीत भरले आणि पुन्हा उघडून दाखवले. सोंडेवरची सोनेरी रेघसुद्धा जशीच्या तशी होती. मी तर टाळ्याच वाजवल्या. संध्याकाळी मी त्याला स्टँडवर सोडायला गेले, तेव्हा तो म्हणाला, “रोह्याला येशील? आईला दाखवायचं हाय.” “काय, प्रोग्रॅम?” “नाय गो, तुला.” माझे कान तापले. “गणपती झाले की येते,” मी कशीबशी म्हणाले. गणपतीआधीच त्याला बंगळूरच्या एका कंपनीने बोलावलं आणि तो तिकडचाच झाला. त्याचा प्रोग्रॅम मात्र पेणच्या क्लासांमधून बरीच वर्षं फिरत राहिला. आता माझे केस पिकलेत, तरी रोह्याची एसटी लागलेली दिसली की वाटतं, आत जाऊन बसावं, आणि त्याच्या आईला सांगावं, आले मी.